लाईन कुठली?

गेल्या महिन्यात घरामागच्या कुंपणाची भिंत पडली म्हणून नवी बांधायला काढली. गवंडी नांदेडकडचा, पंचविशीतला. पहिल्या दिवशी विटा आल्या, वाळू आली, पाणी भरून झालं आणि मग त्याच्या लक्षात आलं की पिशवीत ओळंबा आहे, थापी आहे, पण दोरी नाही. मला म्हणाला, "काका, लाईनदोरी हाय का घरात? पोरगं इसरलं."

मी जुन्या ट्रंकेतली सुतळी काढून दिली. ती त्याला पसंत पडली नाही, कारण तिला पीळ फार होता, पण काम भागलं. दोन टोकांना दोन खिळे, मधे ताणलेली दोरी आणि तिच्या धारेला धार लावून एकेक वीट. मी खुर्ची टाकून बघत बसलो होतो आणि मनात तो शब्द घोळवत होतो. लाईनदोरी. वरवर पाहता अर्धा इंग्रजी आणि अर्धा मराठी. खरं पाहता हे एकाच वस्तूचं नाव दोनदा घेणं आहे.

इंग्रजीतला 'लाईन' हा शब्द मुळात दोरीच. त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'लिनम'पर्यंत जातं आणि लिनम म्हणजे जवस. विदर्भात ज्याची चटणी होते ते. जवसाच्या झाडाच्या सालीतून धागा निघतो, त्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि त्याचीच ताणलेली दोरी ती 'लिनिया', म्हणजे लाईन. दोरी ताणली की सरळ रेघ दिसते, म्हणून पुढे रेघेलाही तेच नाव पडलं. शिंपी ज्याला लायनिंग म्हणतो ते अस्तरही याच घराण्यातलं, कारण पूर्वी अंगरख्याला आतून लिनन लावीत. म्हणजे कुठलाही शब्दकोश न उघडता आपल्या गवंड्यांनी 'लाईन'ला पुन्हा 'दोरी'शी नेऊन बांधलं! आपल्याकडेही हेच घडलेलं आहे. सूत म्हणजे धागा आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सूत्रधाराचा सुतार झाला, आणि वागायला नीट असलेला माणूस सुतासारखा सरळ. इंग्रजांच्या मापातही लाईन होती, फक्त ती इंचाचा बारावा भाग. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच दोरीवरून चालत आल्या.

यावर कुणी म्हणेल, मग मराठी शब्द काय वाईट होते? वाईट मुळीच नव्हते. उलट इतके नेमके होते की त्यांची अडचण व्हावी. भूमितीतली ती रेषा, पाटीवर ओढली ती रेघ, कवितेची ओळ, माणसांची रांग, जेवायला बसली की पंगत, शेतात पेरणीचं तास, खुरपायला बसलेल्या बायकांची पात. इंग्रज या साऱ्याला एकच शब्द वापरतो. आपण तो घेतला, तोही आपल्या रीतीने. त्याला आपण स्त्रीलिंगी केलं, कारण रेषा, रेघ, ओळ, रांग, पंगत या साऱ्या घरच्या मुली होत्या. लाईन, लाईनी, लाईनीत, लाईनीला. ज्या शब्दाला मराठीची विभक्ती इतकी अंगासरशी बसते, त्याला परका म्हणून दाराबाहेर उभं करणं मला तरी जमत नाही. भाषाशुद्धीवाल्यांचा मला आदर आहे. 'महापौर' आणि 'दिनांक' त्यांनी दिले. पण पोलीस लाईनला 'आरक्षी-पंक्ती' म्हणा असा आग्रह कुणी धरला, तर मी तिथला जुना रहिवासी म्हणून हरकत घेईन.

होय, माझं लहानपण लाईनीत गेलं. वडील हेडकॉन्स्टेबल. आमच्या जिल्ह्याच्या गावी दोन लाईनी होत्या. एक पोलीस लाईन आणि दुसरी सिव्हिल लाईन्स. बारकाईने पाहा, आमची एकवचनी आणि साहेबांची अनेकवचनी, तीही शेवटी इंग्रजी 'स'सकट. आमची खरोखरच एक लाईन होती. कौलारू खोल्यांची रांग, पुढे ओटा, दोन टोकांना दोन नळ. तिकडे बंगल्यांची आवारं इतकी मोठी की रांग दिसायचीच नाही. दोन्ही नावं आली मात्र लष्करी तळावरून. गोऱ्यांच्या छावणीत पलटणींचे तंबू नि बराकी रांगेने असत, त्या 'लाईन्स'. मुलकी साहेबांची वस्ती ती सिव्हिल लाईन्स. मुंबईचं मरीन लाईन्स स्टेशनही समुद्रामुळे तसं म्हणवत नाही. तिथे मरीन बटालियनच्या लाईन्स होत्या, त्यांचं नाव स्टेशनला चिकटलं आणि बटालियन कधी गेली हे कुणाला कळलंही नाही. आसामात आणि श्रीलंकेत चहाच्या मळ्यांवर मजुरांच्या खोल्यांनाही लाईनच म्हणतात. एका भिंतीत दोन संसार, हे सगळ्या लाईनींचं समान वैशिष्ट्य.

शाळेत नवे मास्तर आले की पत्ता विचारीत. "पोलीस लाईन" म्हटलं की ते मान वर करून बघत. त्या बघण्यात थोडी भीती आणि थोडी तुच्छता असे. हा मुलगा मारामाऱ्या करणार, याला अभ्यासात गती नसणार, असं काहीसं. आई मात्र म्हणायची, "लाईनीतला आहेस, लाईनीनं वाग." या एका वाक्यात लाईनीचे दोन अर्थ आहेत हे तिला ठाऊकही नसेल.

मुंबईत नोकरीला आलो आणि लाईन म्हणजे पत्ताच झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तेव्हा एकच लाईन होती, आता सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर. मुंबईचा माणूस गाव विचारत नाही, "कुठल्या लाईनला?" असं विचारतो, आणि उत्तरावरून तुमचं भाडं, तुमचा भाजीवाला नि तुमची उठायची वेळ ओळखतो. सोयरीक जुळवतानाही हा प्रश्न निघतो. माझ्या एका स्नेह्यांना वेस्टर्नचा उत्तम मुलगा केवळ दादरला गाडी बदलावी लागेल म्हणून नको होता. दहावीच्या निकालानंतर "कुठली लाईन घेतली?" हा प्रश्न वेगळा, आणि त्याच वयात कॉलेजच्या कट्ट्यावर 'लाईन मारणं' त्याहून वेगळं. त्याविषयी या वयात मी काय लिहावं? ट्रंक कॉलच्या काळातलं "लाईनवर राहा" आता गेलं. क्रिकेटच्या मराठी समालोचनात दिशा आणि टप्पा आला, तरी मैदानावर पोरं लाईन नि लेंग्थच म्हणतात.

खेड्यात या शब्दाला वेगळंच वजन आहे. तिथे लाईन येते आणि लाईन जाते. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत असली की शेतकरी जेवून बॅटरी घेऊन निघतो, कारण लाईन दोन वाजता येणार असते. पाण्यात पाय, अंधार, थंडी आणि बांधावर साप. ज्यांनी रात्रीचं पाणी दिलं आहे त्यांनाच "लाईन आली का?" या प्रश्नातली काकुळती कळेल. ती गेली की हाक जाते लाईनमनला. वीज मंडळाचं २००५ साली विभाजन झालं, महावितरण आली, आणि पुढे लाईनमनला 'जनमित्र' असं गोड नाव मिळालं. खांबावर चढणारा माणूस तोच आणि खालून हाक मारणारा शेतकरीही तोच. हाक मात्र अजून जनमित्र म्हणून येत नाही.

आणि एक लाईन अशी आहे की तिला सरकारने आवर्जून शुद्ध मराठी नाव दिलं. दारिद्र्यरेषा. दारिद्र्य मोजायचं तर रेघ कुठे ओढायची, याचा विचार पुण्यातच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी केला. १९७१ साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात माणशी दिवसाला २२५० उष्मांक मिळतात की नाही हा निकष होता. अभ्यासकांची रेषा ही मोजपट्टी असते, तिच्या खाली किती माणसं आहेत हे कळावं म्हणून ओढलेली. कचेरीत आल्यावर तीच रेषा उंबरठा होते. १९९९ साली महाराष्ट्रात तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या, तेव्हा पिवळ्या कार्डासाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा पंधरा हजार रुपये होती. दिवसाला एकेचाळीस रुपये, सगळ्या घराला मिळून. साडेपंधरा हजार मिळवणाऱ्या विधवेने त्या रेषेच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं? गावात कुणी 'दारिद्र्यरेषेखाली' म्हणत नाही. "आमी पिवळ्यातले" म्हणतात. न दिसणाऱ्या रेषेपेक्षा हातात धरता येणारा रंग बरा, असंच त्यांना वाटत असावं.

पण 'लाईन' म्हटलं की आता मला सगळ्यात आधी आठवते ती ८ मे २०२० ची पहाट. टाळेबंदी होती. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर गावी निघाले होते. रस्त्यावर पोलीस अडवणार, म्हणून ते रेल्वेच्या लाईनीने चालत होते. गाड्या बंद आहेत, हे त्यांनी ऐकलेलं. तीस-पस्तीस किलोमीटर चालून करमाडजवळ दमले आणि रुळांवरच आडवे झाले. मालगाड्या बंद नव्हत्या. सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचं छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलं.

त्यावर बरंच बोललं गेलं. रुळांवर कुणी झोपतं का, असंही विचारलं गेलं. मी लाईनीत वाढलेला माणूस, रस्त्यावरच्या बंदोबस्तात उभं राहणाऱ्याचा मुलगा. मला तो प्रश्न ऐकून शरम वाटली. ज्याला नकाशा येत नाही, ज्याच्याकडे गाडी नाही, पास नाही, त्याला घराकडे नेणारी एकच खात्रीची खूण उरते, आणि ती म्हणजे लाईन. ती सरळ असते, कुठे तरी पोहोचतेच. लाईन धरून चाललं की माणूस चुकत नाही, हे आपणच त्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. रस्ता माणसांसाठी असतो आणि लाईन गाड्यांसाठी, हा भेद तो जाणून होता. त्या दिवसांत रस्ता त्याच्यासाठी नव्हता इतकंच.

असो. भिंतीचं सांगत होतो. सोमवारी गवंडी आलाच नाही. फोन बंद. वीट, वाळू, सिमेंट उघड्यावर आणि आभाळ भरलेलं, म्हणून मी चिडून बसलो होतो. मंगळवारी नऊ वाजता आला. बायकोच्या रेशनकार्डाचं अंगठ्याचं काम राहिलं होतं म्हणाला.

"मग पूर्ण दिवस लागला?"

"काय सांगू काका, ऑनलाईन करायला गेल्तो. लाईन लई मोठी. चार वाजता नंबर आला, अन्‌ लाईन गेली."

"मग आज पुन्हा जायचं?"

"नाही. बायको बसलीया तिथं सकाळपासनं," असं म्हणून त्याने पिशवीतून नवी कोरी नायलॉनची दोरी काढली, माझी सुतळी गुंडाळून मला परत केली आणि खिळा ठोकायला घेतला.