घरभेदी कोण?

बिभीषणाचे नाव घेऊन आपण कुणालाही सहज ‘घरभेदी’ ठरवतो. त्याच्या कथेचा पूर्वार्ध मात्र सोयीस्करपणे विसरतो. बिभीषणाने आधी भर सभेत रावणाला सावध केले होते. पदरी अपमान आला, तेव्हाच त्याने लंका सोडली. कारखाने, पतसंस्था, शाळा, रुग्णालये चालवणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. घरातले गाऱ्हाणे घरात ऐकले गेले नाही की ते वेशीवर जाते.

रॅनबॅक्सीचे उदाहरण बोलके आहे. २००४ साली कंपनीतील वरिष्ठांच्याच सांगण्यावरून दिनेश ठाकूर यांनी औषधांच्या चाचण्यांची कागदपत्रे तपासली. देशोदेशीच्या नियामकांना सादर केलेली माहिती बनावट असल्याचे त्यांना आढळले. ते निष्कर्ष संचालकांच्या समितीपुढेही गेले. चौकशी झाली, सत्य हाती आले. ते पचवण्याची तयारी मात्र नव्हती. २००५ मध्ये ठाकूर बाहेर पडले आणि त्यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाला कळवले. २०१३ मध्ये कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने गुन्हा कबूल केला आणि एकूण ५० कोटी डॉलर मोजावे लागले. भारतीय औषधांच्या लौकिकाला लागलेला बट्टा याहून महाग पडला.

सत्येंद्र दुबे यांच्या प्रकरणाने दुसरा धडा दिला. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरप्रकार या तरुण अभियंत्याने २००२ साली थेट पंतप्रधानांना पत्राने कळवले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट कार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली. तपासाने ती लुटारूंची करणी ठरवली; पण विश्वासाने सांगितलेले नाव फुटले, हा दोष त्याने पुसला जात नाही. पुढे एप्रिल २००४ मध्ये अशा तक्रारी घेण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवण्यात आले. तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, तो अद्याप अंमलात आलेला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तक्रारीची स्वतंत्र यंत्रणा सक्तीची केली आहे. लहान संस्थांवर अशी सक्ती नाही. तेथे चालकाची सदसद्विवेकबुद्धी हाच कायदा.

या बुद्धीची कसोटी तक्रार हाती पडताच लागते. ‘हे लिहिले कोणी?’ हा पहिला प्रश्न असेल, तर चौकशी तेथेच संपली. ‘हे खरे आहे काय?’ असे विचारणाऱ्याने तक्रारदाराचे नाव जपावे, दफ्तर तात्काळ सुरक्षित करावे आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या हाताखालच्या माणसाकडे चौकशी देऊ नये. आरोपितालाही बाजू मांडण्याची पूर्ण संधी हवी. निनावी चिठ्ठीवरून कुणाची अब्रू घेणे हा न्याय नव्हे. चौकशीला मुदत असावी आणि निष्कर्ष तक्रारदाराला कळवावा. सिद्ध न झालेली प्रत्येक तक्रार खोटी नसते, म्हणून ती करणाऱ्याची बदली करून सूड उगवू नये. हेतुपुरस्सर रचलेल्या कुभांडाला मात्र क्षमा नसावी.

संस्थेची बदनामी नको म्हणून मौन पाळणारे स्वतःला निष्ठावान समजतात. पण वाळवी लागल्याचे सांगणाऱ्याला घराबाहेर काढल्याने वासे वाचत नाहीत. खरी निष्ठा व्यक्तीवर नसून संस्थेच्या ध्येयावर असते. ती दाखवणाऱ्याला आसन द्यायचे की हाकलायचे, हे प्रत्येक चालकाने वेळीच ठरवावे. रावणाने ठरवले होते. लंकेचे काय झाले, हे सर्वांना ठाऊक आहे.