शाळांवरचे संशोधन मोबाइलवर आहे. मेढ्याच्या गुरुजींपर्यंत का नाही?

२०२३ मध्ये राज्य सरकारने कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले आणि गावोगाव वाद पेटला. मेढ्याच्या वरच्या अंगाला, जावळीच्या डोंगरवाड्यांत हा प्रश्न थेट घरातला आहे. लहान शाळेत मुले मागे पडतात का? एकच शिक्षक अनेक इयत्ता नीट शिकवू शकतो का? यावर जगभर अभ्यास झालेत. ते शोधायचे कुठे, हे शिक्षकांना आणि पालकांना कुणी सांगत नाही. खरी अडचण ही आहे.

कुठे मिळते?
पहिले ठिकाण ‘शोधगंगा’. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या साठ्यात देशभरच्या विद्यापीठांतले पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचेही. दुसरे ‘एरिक’. अमेरिकी शिक्षण खात्याची ही सूची १९६० च्या दशकापासून केवळ शिक्षणविषयक लेखन नोंदवते. शोध मोफत आहे, पण प्रत्येक लेख पूर्ण मिळत नाही. म्हणून ‘फुल टेक्स्ट’वर खूण करा.

कसे शोधायचे?
अख्खे वाक्य टाइप करू नका. एरिकमध्ये ठरलेली विषयनामे आहेत. ‘स्मॉल स्कूल्स’, ‘वन टीचर स्कूल्स’, ‘मल्टिग्रेडेड क्लासेस’ हे शब्द इंग्रजी लिपीत टाका. शोधगंगेत मराठी प्रबंधाचे नाव कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत असते, दोन्हींत शोधा. प्रबंध सापडला की आधी निष्कर्षाचे प्रकरण वाचा, मग संदर्भसूची. तिथून पुढची वाट सापडते.

परदेशातला निष्कर्ष आपल्याला लागू पडतो का, ही शंका रास्त आहे. म्हणूनच अभ्यास कुठे झाला, पट किती होता, मुलांना चालावे किती लागत होते, हे आधी पाहावे.

अडते कुठे?
केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिके. पण ती सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. जिल्हा परिषदेची शाळा आणि गावचे वाचनालय बाहेरच राहिले.

राज्यात १९६७ च्या कायद्यानुसार अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये आहेत. तालुका ग्रंथालयांना या योजनेत घ्यावे आणि तिथल्या एका कर्मचाऱ्याला तरी शोधाचे प्रशिक्षण द्यावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर वेळी एका अभ्यासाचा अर्ध्या पानाचा मराठी सारांश वाचला जावा. याला फारसा खर्च नाही.

शाळा ठेवायची की हलवायची, हे ग्रामसभेत ठरवताना पटाचा आकडा टेबलावर असतोच. त्याच्या शेजारी अभ्यासाचे एक पानही हवे.