शिट्टी तिच्या हाती द्या

उंची कमी म्हणून मुलचेऱ्यातल्या एखाद्या पोरीला बास्केटबॉलच्या संघातून कुणी वगळत असेल, तर त्याला अमेरिकी बास्केटबॉलपटू डॉन स्टेलीबद्दल सांगा. फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीत वाढलेली ही मुलगी जेमतेम साडेपाच फुटांची, आणि रिंग दहा फुटांवर! चेंडूवरची पकड आणि अचूक पास यांच्या बळावर तिनं १९९६, २००० आणि २००४ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली. मला जास्त मोल वाटतं ते पुढचं. स्वतः खेळत असतानाच, २००० मध्ये, तिनं टेम्पल विद्यापीठाच्या मुलींना शिकवायला घेतलं. आपल्याकडे मात्र आश्रमशाळांतून जिल्हा गाजवलेल्या मुली लग्नानंतर मैदानावर दिसत नाहीत. त्यांना रीतसर मानधन देऊन प्रशिक्षक म्हणून बोलवाच. खेळाडू प्रशिक्षक झाली की काय होतं ते बघा: स्टेलीच्या हाताखाली अमेरिकेनं टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं, आणि २०२४ मध्ये तिनंच घडवलेल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या मुली ३८ पैकी ३८ सामने जिंकून विजेत्या ठरल्या.