बेचाळीस रात्रींचे वाचनालय

२० डिसेंबर ते ३० जानेवारी. दोन्ही दिवस धरून बोटांवर मोजा, बरोबर बेचाळीस रात्री होतात. पहिली तारीख गाडगेबाबांच्या पुण्यतिथीची, शेवटची गांधीजींच्या. आणि साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तल्या रात्रीही बेचाळीसच. तीन वर्षांपूर्वी दिवाळी आटोपल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करीत बसले होते, तेव्हा हे ध्यानात आले. त्या दिवसापासून आमच्या वाचनालयाचा हिवाळा बदलला.

आमचे गाव वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलापासून फार लांब नाही. एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झाले आणि गावातल्या ‘ड’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आले. ग्रामपंचायतीला लागून एक खोली, पाच कपाटे, दोन हजारांच्या वर पुस्तके, एक टेबल, दोन बाकडी. उघडण्याची वेळ सकाळी आठ ते अकरा. आता सांगा, कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी आठ वाजता गावात असते कोण? बाया तोवर डबा बांधून वावरात पोचलेल्या असतात. गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि पोलीस भरतीची तयारी करणारी चार पोरे. आमच्या नोंदवहीत नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने सगळ्यांत ओस. आणि सभेत आम्ही म्हणायचो, लोकांना वाचनाची गोडी राहिली नाही. गोडी नव्हती असे नाही, आमच्या दाराला कुलूप होते.

पहिला बदल एवढाच केला. त्या बेचाळीस दिवसांसाठी दार संध्याकाळी साडेसातला उघडायचे. सहाला अंधार पडतो, बाया परततात, कापसाचे वजन होते, चूल पेटते, सव्वासातपर्यंत जेवणे उरकतात. त्यानंतर नऊपर्यंत आमच्या गावात टीव्ही आणि मोबाइल यांच्याशिवाय काही नाही. तो दीड तास आम्ही मागितला. सतरंजी शाळेची, बल्ब माझ्या घरचा. पहिल्या रात्री सतरा माणसे आली, त्यांत अकरा लेकरे. तिसऱ्या रात्री चारच. पाचव्या रात्री लेकरांनी आयांना ओढून आणले, कारण गोष्ट अर्धी राहिली होती आणि त्यांना घरी कोणी पुढचे सांगत नव्हते. दहाव्या रात्रीनंतर मी माणसे मोजणे सोडले. सतरंजी पुरेना, म्हणून खताच्या रिकाम्या पोत्यांच्या शिवलेल्या ताडपत्र्या घरोघरून येऊ लागल्या.

रोज ‘श्यामची आई’तली एक रात्र, म्हणजे एक प्रकरण, मोठ्याने वाचायची, एवढाच कार्यक्रम. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, प्रास्ताविक नाही. बाया सुपात तांदूळ किंवा डाळ घेऊन येतात, ऐकता ऐकता निवडतात. कोणी त्यांना हात थांबवा म्हणत नाही.

मोठ्याने का? ज्याला वाचायचे त्याने पुस्तक घरी न्यावे, असे मला वर्ध्यातल्या एका परिचितांनी विचारले. त्यांना मी आमच्या गावातल्या बायांचे हात पाहायला बोलावले. कापसाचे बोंड सुकले की त्याची टोके काट्यासारखी होतात. दिवसभर वेचून बोटांच्या पेरांना बारीक चिरा पडतात, नखांभोवतीची कातडी निघते. त्या हातांनी रात्री पुस्तकाची पाने उलटणे सोपे नसते. दुसरी गोष्ट डोळ्यांची. चाळिशीनंतर जवळचे अक्षर धूसर होते. चौथी-सातवी शिकलेली बाई मग म्हणते, मला वाचता येत नाही. तिला येत असते, दिसत नसते. दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही बाजारातून चष्म्याचे तीन जोड आणले, दीड, दोन आणि अडीच नंबरचे, आणि वाचनालयाच्या टेबलावर ठेवले. शाळा सुटून तीस वर्षे झालेल्या एका बाईने अडीचचा चष्मा लावला, कपाटातल्या एका पुस्तकाच्या पाठीवरचे नाव अक्षर अक्षर लावून वाचले आणि मग त्याच्या शेजारच्याचे, मग त्याच्या शेजारच्याचे. पूर्ण ओळ वाचून होईपर्यंत ती तिथून हलली नाही. मी शिकवलेल्या एकतीस वर्षांत असे वाचन फार थोड्या वेळा पाहिले.

वीस जानेवारीची रात्र मात्र मी जन्मभर विसरणार नाही. हिशेबाने ती बत्तिसावी. त्या प्रकरणाचे नाव ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’. सावकाराचा माणूस वसुलीला श्यामच्या घरी येतो. मी हे प्रकरण वर्गात कितीदा तरी शिकवले होते, पण वर्गात समोर असतात ती मुले. इथे समोर बसले होते ते दर जूनमध्ये बियाण्यासाठी हात पसरणारे आणि दर मार्चमध्ये बँकेच्या नोटिशीची वाट पाहणारे लोक. वाचता वाचता जाणवले की सुपांचा आवाज थांबला आहे. मान वर केली तर एकाही बाईचा हात हलत नव्हता. प्रकरण संपले, कोणी उठेना. मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक बाई, जिच्या घरातला कर्ता माणूस नापिकीच्या एका वर्षात गेला, ती हळूच म्हणाली, “बाई, त्याले आमच्या घरचं कसं मालूम?” ‘श्यामची आई’ लिहिले गेले नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, आणि त्यातले घर कोकणातले. कोकणातल्या त्या घरातून सेलू तालुक्यातल्या या बाईला तिचे स्वतःचे घर दिसले. दुसऱ्या दिवशी तिचा दीर आला, दाराबाहेर पायरीवर बसला, मफलर कानांवरून गुंडाळून शेवटपर्यंत ऐकत राहिला. त्यानंतर उरलेल्या नऊही रात्री तो त्याच पायरीवर होता.

आता मुद्द्याचे बोलते. हिवाळा हा आपल्या जिल्ह्यात ग्रंथालयांचा मोसम आहे. उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत कोणी थांबत नाही. पावसाळ्यात पेरणी, डवरणी, निंदण. लोकांना एकत्र बसवायला सोय आहे ती दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत. आपले मोठे सोहळेही याच काळात होतात. २०२३ च्या फेब्रुवारीत ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात झाले, स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर, न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकरांच्या अध्यक्षतेखाली. विद्रोही साहित्य संमेलनही त्याच दिवसांत वर्ध्यातच भरले. त्याआधी १९६९ मध्ये पु. शि. रेगे अध्यक्ष असलेले संमेलनही वर्ध्याचेच. शासनाच्या ग्रंथालय संचालनालयातर्फे जिल्ह्याचा ग्रंथोत्सव होतो, तोही बहुधा थंडीतच. ग्रंथदिंडी निघते, पुस्तकांचे स्टॉल लागतात, परिसंवाद, कविसंमेलन होते. मला ग्रंथोत्सव हवाच आहे. आमच्या कपाटांतली कितीतरी पुस्तके मी तिथूनच सवलतीत आणली. पण ग्रंथोत्सव दोन दिवसांचा आणि हिवाळा शंभर दिवसांचा. आमचे सगळे बळ त्या दोन दिवसांवर आणि गावागावांतल्या एक-एक दिवसाच्या समारंभांवर खर्च होते. मंडप, बॅनर, हार, पाहुण्यांची गाडी, फोटो. मी एका गावी असा कार्यक्रम पाहिला. साडेतीनशे मुले सकाळी नऊपासून मैदानात मांडी घालून होती, उद्घाटक साडेअकराला आले, भाषणे दीडपर्यंत चालली आणि पुस्तकांच्या टेबलापाशी कोणाला जाऊ दिले नाही, कारण ती पुस्तके ‘प्रदर्शनासाठी’ होती. त्या मुलांना पुस्तकाची आठवण उन्हाची आणि तहानेची राहिली असेल, याचे मला आजही वाईट वाटते.

क्रमशः ऐकणे आपल्या लोकांच्या अंगवळणी पडलेले आहे, ते नव्याने शिकवावे लागत नाही. श्रावणात घरोघर पोथ्या लागतात. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना कितीतरी गावांत अजून रोज संध्याकाळी होते आणि ग्रामगीता वाचली जाते. बौद्ध विहारांत वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे रोज थोडे थोडे वाचन चालते. आमच्या गावच्या विहारातल्या आयाबायांकडूनच मी शिकले की शेवटचे पान यायला तीन महिने लागले तरी कोणी कंटाळत नाही, उलट समाप्तीच्या दिवशी डोळ्यांत पाणी येते. आणि आपल्या जिल्ह्याला तर याहून जवळचे उदाहरण आहे. पवनारच्या विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर एक प्रवचन दिले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी समोर बसून उतरून घेत होते, म्हणून आज ‘गीताप्रवचने’ आपल्या हाती आहे. हातात तुरुंगाची खोली आणि आठवड्यातला एक ठरलेला वार, एवढ्यावर ते झाले.

अडचणी आहेत, त्या लपवणार नाही. पुरुष कमी येतात. तुरीला आणि हरभऱ्याला रानडुक्कर, रोही लागतात, ते जागलीवर असतात. शिवाय शेताची वीज अनेकदा रात्रीचीच, गव्हाला पाणी त्याच वेळी द्यावे लागते. भरतीची पोरे पहिल्या वर्षी नाराज झाली, त्यांची अभ्यासाची जागा गेली म्हणून. त्यांच्याशी ठरवले की नऊनंतर खोली त्यांची, किल्लीही त्यांच्याकडे. तेराव्या रात्री माझा घसा बसला तेव्हा त्यांतलाच एक पुढे आला, अडखळत, घाम पुसत त्याने वाचले. आता तो माझ्यापेक्षा चांगला वाचतो आणि संवादांना आवाज बदलतो. आमच्या ग्रंथपालाचे काय सांगू? शासनाने २०२२ मध्ये ग्रंथालयांचे अनुदान ६० टक्क्यांनी वाढवले हे खरे, पण आमच्यासारख्या वाचनालयात त्याच्या हातात महिन्याला पडते ते वेचणीच्या बाईच्या आठवड्याच्या मजुरीएवढे. १९६७ च्या आपल्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही, सारा भार शासनाच्या अनुदानावर. अशा माणसाला रात्री दीड तास जास्त बसवताना मला संकोच वाटतो. तो बसतो, कारण त्याची आई सतरंजीवर असते.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. ज्या गावात शेती हाच धंदा आहे, तिथल्या वाचनालयांनी डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी उघडावे आणि जिल्हा ग्रंथालय कार्यालयाने ते आवर्जून सुचवावे. ग्रंथोत्सवाच्या खर्चातला एक छोटा वाटा अशा गावांना दिवे, सतरंज्या आणि चष्म्यांसाठी द्यावा. पुढच्या ग्रंथोत्सवाचा एक दिवस वर्ध्याबाहेर, आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या गावात, संध्याकाळी ठेवावा. १९३१ मध्ये तामिळनाडूत मन्नारगुडीजवळच्या खेड्यांत बैलगाडीतून ग्रंथालय नेले गेले होते. आपल्याकडे आता पक्के रस्ते आहेत, गाड्या आहेत. मान्यवरांनीही यावे, त्यांना आग्रहाचे निमंत्रण, पण भाषणाऐवजी त्यांनी एक प्रकरण वाचून दाखवावे.

आमच्याकडे यंदा ‘श्यामची आई’ पुन्हा लागणार आहे, बायांनीच ठरवले. वेचणीवरून आल्यावर हिशेब करून त्यांनी मला सांगितले की संक्रांतीला सव्विसावी रात्र येते, त्या दिवशी तिळगूळ तिथेच वाटू. पहिली रात्र २० डिसेंबरला, संध्याकाळी साडेसातला. जवळपासचे असाल तर या, लांबचे असाल तर तुमच्या गावच्या वाचनालयाची किल्ली कोणाकडे असते ते आजच विचारून ठेवा. बसायला आमच्याकडे आहे. थंडी फार असते, शाल घेऊन या.