पहिला हप्ता पगार पाहून

शैक्षणिक कर्जाचे खाते थकले की आपल्या बँकांच्या टिपणात बहुधा एकच शेरा पडतो: मुलगा नोकरीला लागला, पण भरत नाही. शेऱ्याचा पहिला अर्धा भाग सहसा खरा असतो. दुसऱ्याची चौकशी क्वचितच होते. आमचे म्हणणे असे, की यांतली बरीच खाती बुडवेगिरीने थकत नाहीत. हप्ता ठरतो तेव्हाच ती थकण्याची सोय झालेली असते. प्रवेशाच्या वेळी मंजुरीपत्रात मुदत आणि हप्ता लिहिला जातो, शिक्षण संपून सवलतीचे वर्ष उलटले की संगणक त्याच हिशेबाने पैसे मागू लागतो. त्या महिन्यात मुलाच्या हाती काय येते, हे कोणी विचारलेले नसते.

पुण्याजवळच्या तळवड्याकडे पाहा. आयटी पार्कात कॅपजेमिनीसारख्या कंपनीचे मोठे आवार, शेजारी ज्योतिबानगरातल्या लघुउद्योगांच्या शेड, आणि इंद्रायणीपलीकडे चाकण: महिंद्रा, फोक्सवॅगन, बजाज. बाहेरच्याला हा नोकऱ्यांचा पट्टा दिसतो, आणि तो आहेही. मात्र पदवी घेऊन इथे उतरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी कायमचे पत्र मिळत नाही. कोणी शिकाऊ उमेदवार असतो, कोणी ट्रेनी, कोणी ठेकेदाराच्या हजेरीवर. सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिकाऊ उमेदवारीच्या नियमांत २०१९ मध्ये पदवीधराचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरले. आता आपले गणित मांडू. दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार वर्षांत ४ लाखांचे कर्ज, व्याज १० टक्के. शिक्षणाची चार वर्षे आणि वरचे एक वर्ष सरळव्याजाने धरले तर व्याजाचे १ लाख ४० हजार होतात. परतफेड ५ लाख ४० हजारांवर सुरू होते. सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ८,९६५ रुपये, म्हणजे जवळजवळ अख्खे विद्यावेतन. पंधरा वर्षे घेतली तरी ५,८०३. शेजारच्या चिखली-मोशीत कॉट बेसिसवर राहून, मेसचे पैसे देऊन हा हप्ता कशातून निघावा?

यात पत्त्याचा घोळ मिसळतो. कर्ज दिलेले असते लातूर किंवा यवतमाळ जिल्ह्यातल्या शाखेने, पगार जमा होतो कंपनीने सांगितलेल्या भलत्याच बँकेत, आणि नोटीस जाते गावच्या घरी. मुलगा ती पाहीपर्यंत नव्वद दिवस उलटून खाते एनपीए (अनुत्पादित) झालेले असते. सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते, म्हणून डाग दोघांच्या सिबिल पतनोंदीवर पडतो. वडील शेतकरी असले तर पुढचा प्रश्न त्यांच्या पीककर्जाचा: त्यासाठी सिबिल पाहू नका, असे राज्य सरकार बँकांना बजावत आले आहे; तरी शाखेत काय पाहिले जाते ते आपल्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप येतो, की हप्ता लहान केला तर व्याज वाढून मुलाचेच नुकसान होते. मुदत सरसकट ताणली तर ते खरे आहे: वरच्या उदाहरणात पंधरा वर्षांत एकूण सुमारे १० लाख ४५ हजार भरावे लागतात. पण पहिली दोन वर्षे फक्त व्याज, म्हणजे महिना ४,५०० घेतले आणि पुढची आठ वर्षे सुमारे ८,१९४ चा हप्ता ठेवला, तर एकूण भरणा ८ लाख ९५ हजारांच्या आत राहतो. चढता हप्ता दीर्घ मुदतीपेक्षा स्वस्त पडतो आणि पहिल्या दोन वर्षांत पेलतोही. ९,००० वाल्याला मात्र ४,५०० ही जड आहेत. त्याच्यासाठी इंडियन बँक्स असोसिएशनच्या २०१५ च्या सुधारित आदर्श योजनेत तरतूद आहे: बेकारी किंवा अपुऱ्या रोजगाराच्या काळात एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने, कर्जाच्या आयुष्यात दोन-तीनदा हप्ते थांबवता येतात.

दुसरा आक्षेप नियमांचा. अटी बदलल्या की खाते पुनर्रचित ठरेल, ही धास्ती रास्त आहे. म्हणूनच चढता हप्ता मंजुरीपत्रातच असावा, थकल्यावर सुचलेली सवलत म्हणून तो येऊ नये. तिसरा आक्षेप उघडपणे कोणी बोलत नाही: साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला २०१५ पासून केंद्राच्या पतहमी निधीचे ७५ टक्के संरक्षण आहे, मग शाखेने एवढे कष्ट का घ्यावेत? उरलेले २५ टक्के बँकेचेच असतात, आणि तिशीत घरकर्ज मागायला येणारा ग्राहकही हाच असतो. ऐपत असून टाळणारे आहेत, हे आम्ही नाकारत नाही. त्यांच्यावर कारवाई जरूर व्हावी. पण पगाराची पावती न पाहता कोण टाळतो आणि कोणाला झेपत नाही, हे ओळखणार कसे?

शाखाधिकाऱ्यांना आमची विनंती आहे. येत्या तीन महिन्यांत ज्यांचा सवलतीचा काळ संपतो अशा खात्यांची यादी आजच काढा. गावी पत्र धाडण्याआधी मुलाच्या मोबाइलवर फोन करा, कामाचे ठिकाण आणि हाती येणारा पगार नोंदवा, पगाराच्या खात्यावर ई-नॅच (हप्ता आपोआप वळता करण्याची संमती) करून घ्या, आणि मगच पहिल्या हप्त्याची तारीख लावा.