मार्गदर्शकाची सही नको, सोबत हवी

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शालेय आंतरवासिता वीस आठवड्यांची. हेतू चांगला होता. मोजके सराव पाठ उरकून मोकळे होण्याऐवजी छात्राध्यापकाने शाळेत मुरावे, अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली घडावे. कराड-मलकापूर भागातल्या शाळांत मी असे पाठ पाहत आलो आहे. माझे मत असे की, आठवडे वाढले, सोबत वाढली नाही. मार्गदर्शक शिक्षक टाचणावर सही करतात, मागच्या बाकावर बसतात आणि निरीक्षण वहीत 'आवाज स्पष्ट, फलकलेखन नीटनेटके' असे लिहून निघतात.

तंत्रज्ञानाच्या पाठात हे जास्तच उघडे पडते. एका शाळेत दोन छात्राध्यापकांनी मिळून आठवीला स्प्रेडशीटचा पाठ घेतला. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, सगळे टाचणाबरहुकूम झाले. पडद्यावर रंगीत स्लाइड सरकत होत्या. पस्तीस मिनिटांत एकाही मुलाचा हात कळफलकाला लागला नाही. कक्षातले निम्मे संगणक बंद आहेत, म्हणून मुलांचे गट पाडून आळीपाळीने बसवावे लागते, हे वर्गाच्या बाईंना पक्के ठाऊक होते. पण टाचण लिहिताना त्यांना कुणी विचारलेच नाही. टाचण त्यांच्यापुढे आले ते सहीसाठी.

हाच पाठ तिघांनी एकत्र बसून आखला असता तर? मलकापूरचे नाव चोवीस तास पाणी योजनेमुळे गाजले. इथे पाणी मीटरने मिळते. मुलांनी घरच्या मीटरचे आकडे सात दिवसांच्या अंतराने दोनदा टिपून आणायचे. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. पाच माणसांच्या घरात आठवड्याला चार घनमीटर पाणी लागले, तर माणशी रोज सुमारे ११४ लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटरचा दंडक धरतात. त्याच्याशी ताडून पाहायचे. वजाबाकी, गुणाकार, भागाकार, सूत्र, आलेख, सगळे यात येते आणि आकडे मुलांच्या स्वतःच्या घरातले असतात.

छात्राध्यापकांना सूत्र येते. पण कोणते मूल चाळीत राहते आणि तिथे चार कुटुंबांत मिळून एकच मीटर आहे, हे बाईंनाच माहीत असते. त्या सांगतील, 'घरातली माणसे' असा रकाना ठेवू नका, 'मीटरवरची माणसे' असा ठेवा. एवढ्या एका शब्दाने तीन-चार मुले अवघडण्यापासून वाचतात. उलट, बाईंना न जमणारा आलेख ही मुले त्यांना दोन मिनिटांत दाखवतील. तंत्रज्ञानाच्या पाठात दोन्ही बाजूंकडे देण्यासारखे काही असते, म्हणून तर तो एकत्र आखायला हवा.

यावर शिक्षकांचे म्हणणे असते की वेळ कुठे आहे? ते खोटे नाही. मतदार याद्या, सर्वेक्षणे, रोजची ऑनलाइन माहिती यांतून शिक्षक सुटत नाही. म्हणूनच मार्गदर्शन हे उपकाराचे काम न ठेवता वेळापत्रकात घालावे. आंतरवासितेच्या काळात आठवड्याला एक तासिका एकत्र आखणीसाठी राखावी. महाविद्यालयांनीही गुण देताना स्लाइड मोजू नयेत. पहिल्या तुकडीवर पाठ झाला, काय फसले ते तिघांनी बोलून घेतले आणि दुसऱ्या तुकडीवर तोच पाठ बदलून घेतला, तर या बदलाला गुण द्यावेत.

ही अपेक्षा आपल्या मातीला परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ साली स्थापली ती याच कराड तालुक्यातल्या काले गावी. नुसत्या शाळा काढून भागत नाही, शिक्षक घडवावा लागतो, हे ओळखून त्यांनी १९३५ मध्ये साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज काढले. पुढे १९५५ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी महाविद्यालय निघाले, त्याला तेव्हाचे शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांचे नाव दिले. आपल्या जिल्ह्यात अध्यापक शिक्षणाशी आझादांचे नाव जोडलेले आहे, हे आपल्यातल्या अनेकांना माहीतही नसते.

आपल्या समाजातल्या कितीतरी मुली आज बी.एड. करतात. त्यांतल्या काहींच्या घरी संगणक नाही, एकच मोबाइल चारजणांत फिरतो. अशा मुलीला वर्गासमोर तंत्रज्ञान शिकवायला उभे केले आणि शेजारी कुणीच नसले, तर ती दुसऱ्याची पीपीटी उतरवून वेळ मारून नेते. पुढे नोकरीतही ती तेच करते, आणि तिच्या वर्गातल्या, तिच्यासारख्याच घरांतल्या मुलांचा हात कळफलकापर्यंत पोचत नाही. ही साखळी तोडायला नवे यंत्र लागत नाही. टाचण कोरे असतानाच बाई तिच्याशेजारी बसायला हव्यात.