कंपवात आणि ठसका : जो प्रश्न आपण विचारतच नाही



काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येत असत. पार्किन्सन म्हणजेच कंपवात होऊन त्यांना सात-आठ वर्षे झाली होती. दर भेटीत मी हाताचा कंप, चालणे, झोप, बद्धकोष्ठता, सगळे विचारत असे. एका वर्षात त्यांना तीनदा न्यूमोनिया झाला. तिन्ही वेळा प्रतिजैविके देऊन बरे केले आणि घरी पाठवले. तिसऱ्या वेळी त्यांच्या सूनबाई जाता जाता म्हणाल्या, "डॉक्टर, बाबांना हल्ली जेवायला तास लागतो, पाणी पिताना ठसकाही लागतो. वयामुळे असेल म्हणून आम्ही बोललो नाही."

त्या बोलल्या नाहीत हे खरे, पण मीही विचारले नव्हते. चूक आधी माझी होती. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की कंपवाताच्या प्रत्येक रुग्णाला, प्रत्येक भेटीत, गिळण्याबद्दल विचारलेच पाहिजे. डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही सांगा.

गिळताना नेमके काय बिघडते?

घास गिळणे ही आपल्याला अगदी साधी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात जीभ घास मागे ढकलते, स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरचे झाकण बंद होते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्न अन्ननलिकेत उतरते. हे सगळे साधारण सेकंदाभरात आणि ठरलेल्या क्रमाने व्हावे लागते. कंपवातात जशी पावले लहान आणि संथ होतात, तशाच जिभेच्या आणि घशाच्या हालचालीही होतात. घास तोंडात घोळत राहतो, झाकण उशिरा बंद होते आणि थोडे अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जाते.

हे काही नवीन नाही. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले, त्यात गिळण्याचा त्रास आणि तोंडातून गळणारी लाळ या दोन्हींची नोंद आहे. लाळ गळते ती जास्त तयार होते म्हणून नव्हे, तर ती पुरेशा वेळा गिळली जात नाही म्हणून. उशी ओली होणे ही गिळण्याच्या त्रासाची पहिली खूण असू शकते.

"त्यांना काही त्रास नाही" यावर विसंबू नका

या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असे दिसले की नुसते विचारल्यावर साधारण तिघांपैकी एक रुग्ण गिळण्याचा त्रास सांगतो, पण यंत्राने तपासल्यावर दहापैकी आठ जणांत काही ना काही दोष सापडतो. त्रास हळूहळू वाढतो, त्यामुळे रुग्णाला त्याची सवय होऊन जाते. दुसरे कारण जास्त गंभीर आहे. काहींच्या घशाची संवेदना कमी झालेली असते. अन्न श्वासनलिकेत गेले तरी ठसकाच लागत नाही. म्हणून ठसका नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. कंपवाताच्या रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत न्यूमोनिया आहे, आणि त्याचा उगम अनेकदा जेवणाच्या ताटात असतो.

म्हणून घरच्यांनी या खुणांवर लक्ष ठेवा :

- जेवण अर्ध्या तासापेक्षा जास्त लांबणे
- पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घशात पाणी अडकल्यासारखा येणे
- गोळी घशात अडकणे, घास गालात साठणे
- कारण नसताना वजन उतरणे
- वारंवार ताप किंवा छातीत कफ

पातळ म्हणजे सोपे नव्हे

त्रास सुरू झाला की आपण प्रेमापोटी चहा, ताक, पेज, सूप असे पातळ पदार्थ सुरू करतो. पण पातळ पदार्थ वेगाने घसरतो आणि झाकण बंद व्हायच्या आत श्वासनलिकेपर्यंत पोचतो. म्हणून अनेक रुग्णांना साधे पाणीच सर्वात अवघड जाते. पातळ आमटीत भाताची शिते, दुधात पोहे असे मिश्र पदार्थही अवघड. चिवडा, फुटाणे, शेंगदाणे हे कोरडे, सुटे पदार्थ टाळावेत. मऊ खिचडी, घट्ट वरणात कालवलेला भात, शिरा, दही, कुस्करलेले केळे हे बहुतेकांना सोपे जाते.

पाणी घट्ट करणारी पावडर औषधाच्या दुकानात मिळते, पण ती सरसकट सुरू करू नका. ते पाणी अनेकांना आवडत नाही, मग ते पाणीच कमी पितात आणि शरीर कोरडे पडते. ती तपासणीनंतर, गरज असेल तरच वापरावी.

आपल्याकडे भांड्याला तोंड न लावता, मान मागे टाकून वरून पाणी पिण्याची पद्धत आहे. कंपवाताच्या रुग्णाने ती कायमची सोडावी, कारण मान मागे गेली की श्वासमार्ग जास्त उघडा पडतो. गोळी घेतानाही तेच. खुर्चीत ताठ बसून, पाय जमिनीला टेकवून, लहान घोट घ्यावा. हनुवटी किंचित खाली ठेवल्याने अनेकांना मदत होते. जेवताना टीव्ही बंद, गप्पा बंद. जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ नये. आणि दात किंवा कवळी रोज स्वच्छ करा. तोंडातले जंतू कमी असतील, तर चुकून छातीत गेलेली लाळही कमी अपाय करते.

औषधांबद्दल तीन गोष्टी

पहिली, लेव्होडोपाची गोळी वेळेवर घ्या. शक्य असेल तर जेवणाआधी अर्धा तास घ्या आणि तिचा परिणाम चांगला असताना जेवा.

दुसरी, गोळी गिळता येत नाही म्हणून स्वतः कुटून देऊ नका. हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारच्या गोळ्या कुटल्या तर सगळे औषध एकदम शरीरात जाते. डॉक्टरांना विचारून प्रकार बदलून घ्या.

तिसरी, रुग्णालयात 'तोंडाने काही देऊ नका' असे सांगितले, तर लेव्होडोपाचे काय, हे लगेच विचारा. हे औषध अचानक बंद झाले, तर शरीर ताठरते, तीव्र ताप येतो, जिवावरही बेतू शकते. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नये, हेही सांगून ठेवा. त्याने कंपवात बळावतो.

कोणाकडे जावे?

स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणे शिकवतात, असा आपला समज आहे. गिळण्याची तपासणी आणि व्यायाम हेही त्यांचेच काम. बेरियम मिसळलेले अन्न गिळताना एक्स-रेने चलचित्र घेतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. मग कोणता पदार्थ, कोणती बैठक, कोणता व्यायाम हे ठरते. एका छोट्या उपकरणात जोराने फुंकण्याचा व्यायाम काही रुग्णांत उपयोगी ठरला आहे. सोय मोठ्या शहरांतच जास्त आहे, हे मान्य. तरी एकदा जाऊन या. अनेकांना एका-दोन भेटींतच घरी करण्याजोगे बरेच काही कळते.

घास अडकून रुग्णाला बोलता किंवा खोकता येईनासे झाले, तर पाणी पाजू नका. पुढे वाकवून पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, पाच वेळा जोरात थोपटा. उपयोग झाला नाही, तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वर दाब द्या. घास सुटेपर्यंत हे आलटून पालटून करा आणि दुसऱ्या कोणाला तरी 108 ला फोन करायला लावा.

शेवटचे, पण अवघड

आजार खूप पुढे गेल्यावर नळीने अन्न देण्याचा प्रश्न येतो. नळीने पोषण मिळते, पण लाळ छातीत जाणे पूर्ण थांबत नाही. काहींसाठी ती योग्य, काहींसाठी नाही. रुग्णाला काय हवे आहे, हे तो बोलू शकतो तेव्हाच विचारा. अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून हा निर्णय घेण्याची वेळ मुलांवर आणू नका.

आमच्या मास्तरांना पुढे तपासणी करून घ्यायला लावले. पाण्याचा घोट लहान झाला, मान खाली आली, गोळ्यांच्या वेळा बदलल्या. पुढच्या वर्षी न्यूमोनिया झाला नाही. आजार तसाच होता, पण ते पुन्हा सगळ्यांबरोबर पंगतीत बसू लागले. घरात कंपवाताचा रुग्ण असेल, तर आज रात्री त्यांच्या शेजारी बसून जेवा आणि नीट बघा. जे दिसेल, ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.